थर्माकोलचा विंडसर्फिंग बोर्ड घरीच, सोलापुरात (दोन वाया, तिसरा तरंगला)

हिप्परग्याचा_वारा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

चार वर्षांपूर्वी गोव्याला गेलो होतो, दोना पावलाला एक जण पाण्यावर उभा राहून शीड धरून सुसाट जाताना बघितला आणि डोक्यात किडा शिरला. लगेच चार दिवसांचा क्लास लावला. त्यात पडण्यापलीकडं काही जमलं नाही, पण शेवटच्या दिवशी शंभरेक मीटर सरळ गेलो आणि तिथंच माझं वाटोळं झालं. परत आल्यावर कामात लक्षच लागेना. मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, जून-जुलैत शेडच्या पत्र्यावर चढलं की आपल्याकडचा वारा काय चीज आहे ते कळतं. ढग येतात, वारा येतो, पाऊस तेवढा येता येता राहतो. नैऋत्येचा वारा दुपारी नुसता घोंघावत असतो आणि हिप्परग्याच्या तलावावर पांढऱ्या लाटा उठतात. एवढा वारा फुकट जातोय हे बघवेना.

नवीन बोर्डाची चौकशी केली तर लाखाच्या पुढं, वर कस्टम, वर तो अडीच मीटरचा डबा इथपर्यंत आणायचा खर्च. म्हटलं आत नुसता थर्माकोल तर आहे, वरून फायबर, आपणच करू. हे वाक्य बोललो तो दिवस आणि आजचा, मधे तीन वर्षं गेली.

पहिला बोर्ड: थर्माकोलच्या शीट चिकटवल्या, करवतीनं कापल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर पांढरे दाणे अजून सापडतात. आकार बरा झाला होता. मग दुकानात "फायबरचं रेझिन द्या" म्हणून मागितलं, त्यानं दिलं, ब्रशनं लावलं, आणि थर्माकोल डोळ्यांदेखत चहात बुडवलेल्या खारीसारखा बसत गेला. दहा मिनिटांत मधे परातीएवढा खड्डा. वीस दिवसांचं काम.

दुसऱ्याची गोष्ट नंतर सांगतो. तिसरा मात्र तरंगतोय, १५० लिटरचा, वजन पावणेअकरा किलो. कुणाला करायचा असेल तर विचारा, माझी चुकांची वही भरलेली आहे.

बाळीवेसचा_बंड्या

बे, सोलापुरात पाणी चार-पाच दिवसाआड येतंय आणि तू पाण्यावर शीड लावून फिरूलालायस? घरच्या टाकीत ट्राय केलास का आधी?

जोक सोड, भारी काम केलास बे. फोटो टाक की.

फायबर_काका

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं फायबरचं काम करतोय, कूलरच्या बॉड्या, टाक्या, मखरं, सगळं. तुमची पहिली चूक दर महिन्याला एक जण तरी माझ्याकडं घेऊन येतो. दुकानात साधं मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात स्टायरिन असतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. एकाच घरातली माणसं, भेटली की विरघळणारच. थर्माकोलवर इपॉक्सी रेझिनच पाहिजे, दुसरा इलाज नाही. तुम्ही कुठलं वापरलं पुढं?

दुसरं, ती केसाळ मॅट मिळते ना, टाक्यांना लावतो ती, ती इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे एकमेकांना धरून ठेवायला जो चिकटा असतो तो स्टायरिनमधे सुटतो म्हणून मॅट मऊ पडून साच्यात बसते. इपॉक्सीत तो सुटत नाही, मॅट कडकच राहते, कडेवर वळत नाही आणि रेझिन मात्र ढोसते. विणलेलं ग्लासकापड घ्या. तुम्ही टॉवेलवाले, विणकामाचं तुम्हाला मी काय सांगू.

हिप्परग्याचा_वारा

काका, तुम्ही तीन वर्षांपूर्वी कुठं होता! एलवाय ५५६ हे इपॉक्सी आणि ते घट्ट करणारं एचवाय ९५१ हार्डनर, शंभराला दहा, वजनानं. वजनानं हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलंय, कारण मी एकदा मापाच्या कपानं अंदाजे घेतलं होतं आणि तो भाग आठ दिवस चिकट राहिला, शेवटी खरवडून काढला. आता बायकोचा किचनचा काटा गच्चीवर असतो, तिच्यासाठी नवीन आणला. ग्लासकापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं.

दुसऱ्या बोर्डाची गोष्ट. एप्रिल महिना, सुट्टीचा दिवस, म्हटलं सकाळी नऊला सुरू करू, दुपारपर्यंत संपवू. इथंच गाढवपणा झाला. सकाळी नऊ म्हणजे तापमान चढत जाणार. थर्माकोलच्या दाण्यांमधे हवा असते, ती तापून फुगते, बाहेर यायला बघते, आणि वर मी ओलं रेझिन लावून ठेवलेलं. अकराच्या सुमाराला सगळ्या बोर्डभर फुगे, उन्हाळ्यात अंगावर घामोळं यावं तसे. बोटानं दाबावं तर दुसरीकडं येतात.

तेवढ्यात मागं वास आला म्हणून बघितलं तर उरलेल्या रेझिनचा डबा धूर सोडूलालता. अर्धा किलो एकदम कालवलेलं, खोल डब्यात. इपॉक्सी स्वतःच तापतं, डब्यात साठून राहिलं की उष्णता जायला जागा नाही, मग आणखी तापतं, आणखी लवकर घट्ट होतं. प्लॅस्टिकचा डबा वितळून गच्चीला चिकटला, तो डाग अजून आहे. आता दोनशे ग्रॅमच्या वर कालवत नाही, आणि कालवलं की लगेच उथळ ट्रेमधे पसरून ठेवतो.

तर सोलापुरात हे काम करायचं तर संध्याकाळी सातनंतर, दिवसभर तापलेला थर्माकोल थंड व्हायला लागलेला असतो तेव्हा. हवा आकसते, रेझिन उलट आत ओढलं जातं. तिसरा मी डिसेंबरात केला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी. थंडीत रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, कापड भिजायला वेळ लागतो, मग डबा कोमट पाण्यात ठेवायचा. पण ते परवडलं, धुरापेक्षा.

निवृत्त_मास्तर

मी फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही. वाराभाऊ, तुम्ही बोर्डाला हवेचा स्क्रू ठेवलाय का? नसेल तर ताबडतोब बघा.

साधं गणित आहे. बोर्ड म्हणजे बंद डबा, आत हवा. सकाळी २७ अंशाला बंद केला, दुपारी उन्हात ६२ अंश झाला. केल्विनमधे ३०० चे ३३५, म्हणजे दाब जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला एक किलो धरला तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आतून ढकलणार. तुमच्या बोर्डाचा वरचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर धरा, पंधरा हजार चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा, पावणेदोन टनाच्या वर जातो. एवढ्या जोरानं कातडी थर्माकोलपासून सुटू बघते.

हेच उलटं पाण्यात. उन्हात तापलेला बोर्ड गार पाण्यात टाकला की आतली हवा आकसते, आणि कुठं बारीक चीर असेल तर तिथून पाणी शोषून घेतो. बोर्ड जड झाला जड झाला म्हणतात तो असाच.

हिप्परग्याचा_वारा

सर, स्क्रू आहे, मास्ट ट्रॅकच्या, म्हणजे शिडाचा खांब बसतो त्या खाचेच्या पुढं बसवलाय, ओ रिंगसकट. घरी आणि गाडीवर असताना उघडा, पाण्यात उतरताना बंद. सगळ्यात मोठी भीती ही की उघडाच राहिला तर. म्हणून स्कूटरच्या किल्लीला त्याचा ॲलन की अडकवलाय, स्कूटर बंद केली की किल्ली हातात, किल्ली हातात की स्क्रू आठवतो.

पावणेदोन टन मात्र माहीत नव्हतं. आज झोप लागणार नाही.

आणि रंग पांढराच दिलाय. पोरानं काळ्यावर लाल ज्वाळा काढायचा हट्ट धरला होता. इथं मे महिन्यात काळ्या गाडीच्या टपाला हात लावून बघ म्हटलं, गप बसला. घरी खोलीच्या तापमानाला वाळवलेलं इपॉक्सी साठ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, काळा रंग म्हणजे मुद्दाम भट्टीत घालणं. शिवाय उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं, रंग लागतोच.

मालवणचो_दर्यावर्दी

वाचून मजा येतेय. मी लहानपणापासून होडीत, गेली बारा वर्षं विंडसर्फिंग, दुरुस्त्या बऱ्याच केल्या आहेत, अख्खा बोर्ड मात्र कधी केला नाही. एक विचारतो, राग मानू नका. शेपटीकडची कड कशी केलीय? घरी करणारे बरेच जण सगळीकडून गोल गोंडस करतात, दिसायला छान दिसतं, आणि मग बोर्ड सुटत नाही म्हणून वाऱ्याला शिव्या घालतात.

घरात करून बघा, नळाखाली चमचा धरा, पाठ पाण्याकडं. पाणी चमच्याच्या गोलाईला चिकटून वळतं आणि चमचा उलट धारेत ओढला जातो. बोर्डाची मागची कड गोल असेल तर पाणी तसंच वर चढतं आणि शेपूट खाली ओढून धरतं. कड धारदार असली की पाणी तिथं तुटून मागं जातं आणि बोर्ड पाण्यावर उठून घसरायला लागतो, प्लेनिंग म्हणतो ते. पुढं नाकाकडं गोल चालते, मागचा मीटरभर धार पाहिजे. आणि त्याच मीटरभरात तळ सपाट, हातभर लांबीची सरळ पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसता कामा नये.

हिप्परग्याचा_वारा

राग कसला, दर्यावर्दी, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. कड गोलच होती. पहिल्यांदा पाण्यात गेलो तेव्हा वारा चांगला असून बोर्ड म्हशीसारखा बसून होता, चालायचा पण उठायचा नाही. परत आणला, मागच्या कडेला मास्किंग टेपचा बांध घातला, इपॉक्सी आणि रुई भरली, वाळल्यावर बांध काढून घासून धार केली. फरक असा की पुढच्या खेपेला सुटला तेव्हा मी मागच्या मागं पाण्यात.

रुई म्हणजे खरंच रुई. इपॉक्सीत घट्टपणा आणायला कापसाचा बारीक भुगा घालतात, बाहेर पाकिटातनं विकत मिळतो. आमच्याकडं मागाखाली झाडून टाकायची धूळ असते ती. चाळणीनं चाळली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली कारण दमट असेल तर इपॉक्सी दुधाळ होतं, आणि मास्ट ट्रॅक, फिन बॉक्स (तळाचं पातं म्हणजे फिन, ती बसते तो खाचा) सगळं तिच्यातच बसवलं. ट्रॅक आणि बॉक्स मात्र विकत आणलेत. तिथं शहाणपणा नको, सगळा जोर त्या दोन जागांवर येतो. शीड आणि मास्टही जुनं सेकंडहँड घेतलं, साडेसहा चौरस मीटरचं, ते घरी शिवायच्या भानगडीत मी पडणार नाही.

ऋतुजा_टे

काका नमस्कार, मी मेकॅनिकलला थर्ड इयरला आहे, शेळगीला राहते. दोन प्रश्न. एक म्हणजे १५० लिटर कुठून आलं, माझं वजन ५२ आहे तर मला किती लागेल? दुसरं, व्हॅक्यूम बॅगिंग, म्हणजे पिशवीतली हवा ओढून कापड बोर्डावर दाबून बसवणं, केलंय का तुम्ही? आमच्या लॅबमधे नुसतं डायग्राम काढून दाखवलं. मामांचं फ्रीज रिपेअरिंगचं दुकान आहे, कॉम्प्रेसर मिळू शकतो.

हिप्परग्याचा_वारा

ऋतुजा बाळ, तुझे मामा असतील तर अर्धं काम झालं.

लिटरचं सोपं आहे. एक लिटर गोडं पाणी एक किलो उचलतं. माझं वजन ८२, बोर्ड ११, शीड, मास्ट आणि बूम (हातात धरायचा आडवा दांडा) मिळून ९, झाले १०२. म्हणजे १०२ लिटरचा बोर्ड मला घेऊन जेमतेम पाण्याच्या पातळीला राहील, डोलला की गेला. शिकताना वर चाळीस-पन्नास लिटर शिल्लक लागतात. तुझं ५२ अधिक बोर्ड ९ अधिक लहान शीड ७, झाले ६८. तरी शिकायला १३० च्या खाली जाऊ नकोस, पुढं दुसरा करशीलच, हे व्यसन एका बोर्डावर थांबत नाही. माझा अडीच मीटर लांब, ७८ सेंटीमीटर रुंद, मधे साडेबारा जाड. तीन मापांचा गुणाकार केलास तर आकडा मोठा येईल, पण बोर्ड खोका नाही, कडा आणि टोकं निमुळती होतात, साठ-बासष्ट टक्के धर.

थर्माकोल २० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला वीस किलो. १५० लिटरला तीन किलो फक्त! बाकीचं आठ किलो सगळं कापड, रेझिन, लांबी, रंग आणि माझी हौस.

यावेळी शीट न जोडता एक अखंड ब्लॉक आणला, टेम्पोवाला म्हणाला एवढा मोठा डबा आणि वजन काहीच नाही, पैसे घ्यायला लाजला. कापायला जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून धनुष्यासारखी ताणली, एका बाजूला स्प्रिंग, कारण तार तापली की लांबते आणि सैल पडली तर मधे पोट येतं. बॅटरी चार्जरवर चालवली. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना बाजूच्या आकाराचे प्लायचे साचे ठोकले, त्यांच्या कडेला सनमायकाची पट्टी म्हणजे तार अडकत नाही, आणि दोघांनी दोन टोकं धरून एका लयीत ओढायची. माझा मेव्हणा एका टोकाला होता, मधेच त्याचा फोन वाजला, तिथं अजून एक लाट आहे बोर्डाला. हे उघड्यावर कर, जळणाऱ्या थर्माकोलचा धूर वाईट.

वरचा आणि खालचा उरलेला तुकडा टाकू नकोस. खालचा तुकडा म्हणजे बोर्डाच्या तळाचा बिनखर्चाचा पाळणा. व्हॅक्यूम ओढताना बोर्ड त्यावर बसवायचा, नाहीतर नाकाचं वळण बदलून बसतं.

आता व्हॅक्यूम. फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा वापरायचा, जिकडून ओढतो तिकडून नळी. बॅग म्हणून आधी शेततळ्याचा कागद आणला होता, सांगोल्याच्या मित्रानं दिला, फुकट होता पण जाड आणि ताठ, सुरकुत्यांतनं हवा गळायची. मग साधं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक आणि कडेला चिकट डांबरी टेप, ते जमलं. थरांचं असं: बोर्डावर ओलं ग्लासकापड, त्यावर सोलून निघणारं कापड, त्यावर बारीक भोकं पाडलेलं प्लॅस्टिक, त्यावर जास्तीचं रेझिन शोषणारं आणि हवेला वाट देणारं जाड कापड, मग बॅग.

ते जाड शोषणारं कापड बाहेर रोलमधे महाग मिळतं. मी काय वापरलं असेल ओळखा! सोलापुरी टॉवेल. विणीत दोष निघालेला सेकंड माल आमच्याकडं किलोवर जातो, त्यातले सहा घेतले. टॉवेलच्या फाशांमधून हवा मस्त जाते आणि रेझिन पिऊन घेतो. नंतर तो टॉवेल फळीसारखा कडक होतो, एक आमच्या दारात पायपुसणं म्हणून आहे, पाय काही पुसले जात नाहीत.

सोलून निघणाऱ्या कापडासाठी पॉलिस्टरचं अस्तर, नव्या पेठेतनं मीटरवर. पण प्रत्येक अस्तर सुटत नाही, आधी छोट्या तुकड्यावर करून बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण ओढू नकोस. २० चा थर्माकोल आहे, मी व्हॅक्यूम गेजवर पाऱ्याच्या दहा-बारा इंचाच्या वर जाऊ दिलं नाही. मोह होतो, पंप चालूच असतो, वाटतं अजून जरा. अजून जरा म्हणजे बोर्डाची पापडी.

फायबर_काका

टॉवेल वाचून हसलो. तीस वर्षं सोलापुरात राहून मला सुचलं नाही.

एक कळकळीचं. मुलगी करणार आहे म्हणून मुद्दाम. हार्डनर अंगाला लागू देऊ नका. आज काही होत नाही, उद्या होत नाही, आणि एक दिवस अंग सुजतं, खाज, डोळे बंद, आणि त्यानंतर आयुष्यभर त्या वासाजवळही जाता येत नाही. माझा एक चांगला कारागीर असा घरी बसला. नायट्राईलचे हातमोजे घाला, हाताला लागलं तर थिनरनं धुवू नका, थिनर ते आणखी आत ढकलतं, साबण-पाणी वापरा. घासताना साधा रुमाल नाही, धुळीचा खरा मास्क. ग्लासची धूळ अंगावर पडली तर गार पाण्यानं अंघोळ, गरम घेतलीत तर रात्रभर खाजवत बसाल.

करमाळ्याचा_पाहुणा

धागा झकास. पण मी पाण्याबद्दल बोलतो. आमचं शेत उजनीच्या काठाला.

लोक म्हणतात उजनी केवढी मोठी, ११७ टीएमसी, तिथं शिडं लावायला मजा येईल. येईल की. पण वारा जास्त असतो जूनमधे आणि तेव्हा धरण बहुतेक वर्षी मायनसमधे, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली. पाणी खाली गेलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, बाभळीची खोडं, पळसदेवचं देऊळसुद्धा वर येतं. वर आलेलं दिसतं तरी, वीतभर पाण्याखालचं दिसत नाही. मासेमारीची जाळी वेगळी. आणि जलपर्णी, तिच्यात फिन अडकली की मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबल्यासारखं होतं.

वळिवाचं तर बोलूच नका. मे २०२४ मधे कुगाववरनं कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. रोजची वाट होती ती. पलीकडचा काठ दिसत असताना हवा फिरली. ईशान्येला काळं दिसलं की बोर्ड काय आणि होडी काय, बाहेर.

हिप्परग्याचा_वारा

पाहुणे, बरं झालं लिहिलंत. मी एप्रिल-मेमधे दुपारनंतर उतरतच नाही, कितीही वारा असो. लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, काठावर एक माणूस फोन घेऊन. शीड मोडलं तर बोर्ड सोडून पोहायला निघायचं नाही, बोर्ड तरंगतो, त्याच्यावर पालथं पडून राहायचं. आणि हिप्परगा असो की उजनी, जलसंपदावाल्यांना विचारून उतरा, हे पिण्याचं पाणी आहे.

जलपर्णीला उपाय केलाय. सरळ फिनमधे गवत अडकतं म्हणून मागं झुकलेली केली, गवत घसरून खाली निघून जातं. इलेक्ट्रिकल पॅनलमधे लावतात ती ग्लास इपॉक्सीची हिरवट शीट आणली, ग्राइंडरनं कापून पात्यासारखी घासली. पुढची कड गोलसर, मागची पातळ. तीन संध्याकाळी गेल्या.

वकील_बाई

मला बोर्डातलं ओ की ठो कळत नाही, पण या खेळाचा एक खटला आम्हाला पेटंटच्या अभ्यासात होता तो सांगते.

अमेरिकेत न्यूमन डार्बी म्हणून एक गृहस्थ, त्यांनी १९६४ मधे शिडाची फळी केली आणि ऑगस्ट १९६५ च्या पॉप्युलर सायन्स मासिकात घरी कशी बनवायची याच्या आराखड्यासकट लेख दिला. पेटंट घेतलं नाही. पुढं कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी सगळीकडं फिरणाऱ्या सांध्यावर मास्ट बसवून पेटंट घेतलं, १९७० मधे मिळालं, आणि कंपनीनं देशोदेशी दावे लावले. इंग्लंडमधलं त्यांचं पेटंट १९८५ मधे कोर्टानं रद्द ठरवलं. का? तर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोरानं १९५८ साली हेलिंग बेटावर स्वतः बनवलेल्या फळीवर शीड लावून लोकांदेखत फिरवलं होतं! त्याचा बूम सरळ होता, आताच्यासारखा वाकडा नव्हता, पण कोर्ट म्हणालं वारा भरला की तो बूम आपोआप तोच आकार घेतो, एवढा बदल कुणालाही सुचला असता.

तेव्हा वाराभाऊ, गच्चीवरचे फोटो तारखेसकट जपून ठेवा. टॉवेलचं विशेषतः.

मालवणचो_दर्यावर्दी

वा वकीलबाई! मग माझीपण एक भर. १९८४ ला लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमधे आला. आणि आपल्या इबाद अलीनं हांगझोऊच्या एशियाडमधे, २०२३ ला, आरएसएक्स या विंडसर्फिंग बोर्डाच्या प्रकारात ब्राँझ आणलं. पेपरात चार ओळी आल्या असतील.

बाळीवेसचा_बंड्या

बे वारा, खर्च किती आला ते सांग की, एवढं पुराण लावलायस.

हिप्परग्याचा_वारा

तिसऱ्याला ट्रॅक, बॉक्स, फिन धरून वीस-बावीस हजार. पहिल्या दोघांचा हिशोब घरात सांगितलेला नाही, इथंही सांगणार नाही, मेव्हणा वाचतो.

एक राहिलं. उभं राहायच्या जागी नुसतं ग्लास पुरत नाही, टाचेनं दाबून दाबून थर्माकोल आत बसतो आणि कातडी सुटते. कंपनीचे बोर्ड तिथं पीव्हीसी फोमचा थर घालतात. मला तो इथं मिळाला नाही म्हणून फर्निचरवाल्याकडून सागाचं व्हिनियर आणलं, दोन ग्लासच्या मधे दाबून बसवलं. पांढऱ्या रंगाखाली गेलं, दिसत नाही, पण मला माहिती आहे की खाली साग आहे. एक वर्ष झालं, टाचेचे खड्डे नाहीत.

ऋतुजा_टे

काका अपडेट. अस्तराच्या तीन जाती आणल्या, तीन तुकड्यांवर करून बघितल्या. आकाशी रंगाचं कडकडीत सुटलं, पण रंग इपॉक्सीत उतरला. पांढरं अर्धं सुटलं अर्धं फाटलं. क्रीम कलरचं एकदम मस्त, खाली मॅट फिनिश. मामांनी कॉम्प्रेसर दिलाय, गेजपण आहे, फक्त तेल फेकतोय आउटलेटमधून. ते नॉर्मल आहे का? आणि रविवारी हिप्परग्याला बोर्ड बघायला येऊ का, आईला घेऊन?

हिप्परग्याचा_वारा

तेल थोडं फेकतोच, आउटलेटला नळी लावून बाटलीत सोड, आणि अधूनमधून तेवढंच परत आत घाल, कोरडा चालला तर जॅम होईल. क्रीम कलरच्या दुकानाचा पत्ता मला दे, माझंच संपलंय.

रविवारी ये, आईंना जरूर आण. चार वाजता, वारा तेव्हा सलग असतो. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणा, तिथं खायला काही मिळत नाही.

बाळीवेसचा_बंड्या

मीपण येऊलालो. फक्त एक हाय, मला पोहता येत नाही.

हिप्परग्याचा_वारा

मग तू काठावर फोन धरून बस. आणि सोमवारी महापालिकेच्या स्विमिंग टँकला नाव घाल.